त्सुकिशिमा : एका रस्त्याचा आणि एका तव्याचा इतिहास

टोकियो शहराच्या पूर्वभागातून वाहत येणारी सुमिदा नदी जेथे उपसागराला मिळते, तेथे तिच्या मुखाशीच त्सुकिशिमा नावाचे एक बेट आहे. गिन्झाच्या झगमगत्या पेठेतून निघालेला मनुष्य नदीवरचा पूल ओलांडून अर्ध्या तासाच्या आत तेथे पायी पोहोचतो. या बेटाच्या मधून निशिनाका-दोरी नावाचा एक सरळ रस्ता जातो. लांबीने तो अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. त्यावर ना कोणा सम्राटाचा राजवाडा आहे, ना एखादे पुरातन देवालय. तरीही दिवेलागणीच्या सुमारास तेथे माणसांची रीघ लागते. दुतर्फा दुकानांच्या दारांवर जपानी पद्धतीचे कापडी पडदे लोंबत असतात आणि पडदा बाजूला सारताच तापलेल्या लोखंडाचा, कोबीचा आणि किंचित करपलेल्या सॉसचा वास अंगावर येतो. या एका रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत साठांहून अधिक दुकाने एकच पदार्थ विकतात. त्या पदार्थाचे नाव मोंजायाकी.

एवढ्या दुकानांनी एकाच जिनसावर जगावे, आणि तेही एका लहानशा रस्त्यावर, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. हा पदार्थ फार प्राचीन असेल आणि हा रस्ता शतकानुशतके त्याचे माहेरघर असेल, असा त्याचा समज होतो. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. हा रस्ता ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीनच मुळी १८९२ पूर्वी अस्तित्वात नव्हती.

परंतु इतिहासाकडे वळण्यापूर्वी पदार्थाची ओळख करून घेणे इष्ट होईल. दुकानातील प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी एक सपाट लोखंडी तवा बसविलेला असतो आणि त्याच्या खाली गॅसची शेगडी असते. गिऱ्हाईक त्याच्या भोवती बसते आणि बहुधा स्वतःच रांधते. एका वाडग्यात अगदी पातळ भिजविलेले गव्हाचे पीठ येते. त्यात माशांचे सार आणि वूस्टर सॉस मिसळलेला असतो. त्यावर बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग, सुकी कोळंबी, माकुळाचे तुकडे आणि तळणीतला कुरकुरीत चुरा असतो. प्रथम वाडग्यातील कोबी आणि इतर जिन्नस तेवढे तव्यावर ओतावयाचे आणि दोन उलथन्यांनी खटखट आवाज करीत चिरडत परतावयाचे. ते मऊ पडले, की त्यांचे गोलाकार आळे करावयाचे. या आळ्याला जपानीत ‘दोते’, म्हणजे बंधारा, असे म्हणतात. मग राहिलेले पातळ पीठ त्या बंधाऱ्याच्या आत हलकेच ओतावयाचे. बंधारा कच्चा असेल तर पीठ फुटून तवाभर वाहते आणि शेजारी बसलेले हसतात. पीठ आत खदखदून घट्ट होऊ लागले, की सारे एकत्र कालवून तव्यावर पातळ पसरावयाचे.

मराठी मनुष्याला येथे घावनाची किंवा धिरड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु घावनाला जाळी पडते, ते कडेने सुटते आणि उलथता येते. मोंजा कधीच उलथला जात नाही. तो अखेरपर्यंत ओलसर, चिकट, अर्धवट शिजल्यासारखाच दिसतो. बोटाएवढ्या लहानशा लोखंडी उलथन्याने त्याचा एकेक घास तव्यावर दाबून धरावयाचा, खालची बाजू खमंग लागू द्यावयाची आणि तो तसाच ओरबाडून तोंडात घालावयाचा, ही खाण्याची रीत. शेवटी तव्याला चिकटलेली जी तांबूस खरपुडी उरते, तिच्यासाठी सर्वांची चढाओढ लागते. ओसाकाचा ओकोनोमियाकी जाडजूड आणि सुबक असतो. हिरोशिमाचा थरावर थर रचलेला आणि शेवया घातलेला असतो. त्यांच्या शेजारी मोंजा हे गरीब, विस्कटलेले भावंड शोभते. त्याला रूप नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. रूप का नाही, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे.

तव्यावर पातळ पीठ भाजण्याची कल्पना जपानात जुनी आहे. सोळाव्या शतकातील विख्यात चहाचार्य सेन नो रिक्यू यांच्या चहासमारंभांत ‘फुनोयाकी’ नावाचा एक पदार्थ देत असत. गव्हाचे पीठ पातळ भिजवून, भाजून, त्याला सोयाबीनच्या आंबवलेल्या मिसोचा लेप देऊन ते गुंडाळीत. पुढे एदो नगरीच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर ‘मोजियाकी’ विकणारे फिरते विक्रेते दिसू लागले. ‘मोजि’ म्हणजे अक्षर आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेले. होकुसाई या थोर चित्रकाराच्या १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘मांगा’ या चित्रसंग्रहातही असा एक विक्रेता आपल्या तव्यासह आढळतो. तव्यावर पिठाच्या धारेने अक्षरे आणि आकृती काढावयाच्या आणि त्या भाजून मुलांना द्यावयाच्या, असा तो व्यवसाय. या ‘मोजि’चाच पुढे बोलण्याच्या ओघात ‘मोंजा’ झाला, असे सामान्यतः मानतात. म्हणजे ज्या पदार्थाला आज आकार उरलेला नाही, तो आरंभी अक्षरांच्या आकाराचा होता. त्याचे गिऱ्हाईक मात्र दोन्ही काळी एकच होते, आणि ते म्हणजे मुले.

आता बेटाकडे वळू. सुमिदाच्या मुखाशी सर्वांत जुनी वस्ती त्सुकुदा या कोळीवाड्याची. ओसाकाजवळच्या त्सुकुदा नावाच्या खेड्यातील कोळ्यांना तोकुगावा इएयासु याने एदोकडे आणविले आणि या कोळ्यांनी नदीमुखावरच्या एका उथळ पुळणीवर भराव घालून १६४४ मध्ये आपली वस्ती वसविली. दोनच वर्षांनी त्यांनी तेथे सुमियोशी देवाचे स्थान उभारले. लहान मासे सोया सॉसमध्ये आटवून टिकविण्याची त्यांची रीत ‘त्सुकुदानी’ या नावाने जपानभर पसरली. त्यांच्या शेजारच्या इशिकावा बेटावर १७९० मध्ये शोगुनाच्या सरकारने निराश्रितांसाठी आणि शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी एक श्रमगृह काढले. पुढे १८५३ मध्ये, अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी याची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्यावर येऊन ठेपली, तेव्हा घाईघाईने याच बेटावर जहाजबांधणीचा कारखाना सुरू झाला. कोळी, निराश्रित आणि जहाजबांधणीचे कामगार अशी ही शेजारपाजारची मंडळी होती. नगरीची श्रीमंती नदीच्या त्या तीरावर होती आणि तिला लागणारे कष्ट या तीरावर होते.

मेइजी राजवटीत टोकियोच्या बंदराचा प्रश्न पुढे आला. नदीमुख गाळाने भरत चालले होते आणि मोठी जहाजे आत येऊ शकत नव्हती. तेव्हा गाळ उपसून जहाजांसाठी खोल वाट काढावयाची, आणि उपसलेल्या गाळातून नवी जमीन तयार करावयाची, अशी दुहेरी योजना आखण्यात आली. या योजनेतून १८९२ मध्ये त्सुकिशिमाचा पहिला भाग पाण्याबाहेर आला. १८९४ आणि १८९६ मध्ये पुढचे दोन भाग तयार झाले. ‘त्सुकिशिमा’ या शब्दाचा मूळ अर्थ रचलेले बेट, भराव घालून केलेले बेट, असा सांगतात. पुढे त्याच उच्चाराचे चंद्राचे अक्षर त्यासाठी रूढ झाले आणि गाळाच्या या बेटाला ‘चंद्रद्वीप’ हे देखणे नाव मिळाले.

नाव चंद्राचे असले, तरी वस्ती मात्र लोखंडाची होती. इशिकावाच्या जहाजकारखान्याच्या आश्रयाने येथे लोखंड ओतणारे, कातणारे आणि ठोकणारे शेकडो लहान कारखाने निघाले. कामगारांसाठी ‘नागाया’, म्हणजे एकाच छपराखाली ओळीने बांधलेली लाकडी बिऱ्हाडे, उभी राहिली. दोन नागायांच्या मधून जेमतेम एक मनुष्य छत्री मिटून जाईल एवढी बोळकंडी असे. पलीकडे जावयाचे तर होडीशिवाय मार्ग नव्हता. १९०५ च्या जानेवारीत रशियाच्या ताब्यातील पोर्ट आर्थर पडले. त्या विजयाप्रीत्यर्थ येथे एक नवी तर सुरू झाली, आणि तिला ‘काचिदोकि’, म्हणजे जयघोष, असे नाव मिळाले. कामगार आपल्या कामावर जाताना रोज या जयघोषातून नदी ओलांडीत. त्यांच्या घरी शिजणाऱ्या भाताचे मोल मात्र कोणत्याच विजयाने कमी केले नाही.

भाताची ही गोष्ट पुढे फार गंभीर झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जपानात तांदळाचे भाव भडकले आणि १९१८ च्या उन्हाळ्यात तोयामा प्रांतातील कोळ्यांच्या बायकांनी तांदूळ गावाबाहेर जाऊ देण्यास विरोध केला. ती ठिणगी पाहता पाहता देशभर पसरली. इतिहासात ही घटना ‘तांदळाचे दंगे’ म्हणून ओळखली जाते. तिने तेराउची यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. याच वर्षी गृहखात्याच्या आरोग्यविषयक समितीने कामगारांच्या राहणीची प्रत्यक्ष पाहणी करण्याचे ठरविले आणि त्यासाठी टोकियोतील जो भाग निवडला, तो त्सुकिशिमा होय.

या पाहणीचे सूत्रधार होते अर्थशास्त्रज्ञ ताकानो इवासाबुरो. त्यांचे थोरले बंधू ताकानो फुसातारो यांनी १८९७ मध्ये जपानमधील कामगारसंघटनेचा पाया घातला होता. धाकट्याने संघटनेऐवजी संख्याशास्त्राचा मार्ग धरला, पण दोघांचे लक्ष्य एकच होते. पाहणी दुरून करावयाची नाही, असा इवासाबुरो यांचा आग्रह होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरच घर भाड्याने घेऊन तेथे कार्यालय थाटले. कामगारांचे आणि मुलांचे शरीरमान, कुटुंबाचा आहार, नागायांतील खोल्या, खाण्याच्या टपऱ्या, रस्त्यावरचे फेरीवाले, एवढेच काय, पण कामगार आपली संध्याकाळ कोठे घालवितात आणि कशाने हसतात, याचीही नोंद घेण्यात आली. करमणुकीचे हे काम गोंदा यासुनोसुके या अभ्यासकाकडे होते. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल जपानी समाजशास्त्रातील एक मैलाचा दगड मानला जातो.

या अहवालाचे मोल आणखी एका कारणाने वाढले. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास झालेल्या महाभूकंपात आणि त्यामागून उसळलेल्या आगीत त्सुकिशिमा जवळजवळ संपूर्ण जळून गेले. ज्या घरांचे, टपऱ्यांचे आणि माणसांचे वर्णन दोनच वर्षांपूर्वी छापून निघाले होते, ती राखेत मिसळली. एका वस्तीची स्मृती कागदावर तेवढी उरली. आज निशिनाका-दोरीवर ज्या नागाया आणि जी बोळकंडी अजून आढळतात, ती बहुतांशी भूकंपानंतरच्या पुनर्रचनेतील आहेत. रस्त्यावरची छोटीशी जुनी पोलीस चौकीही १९२० च्या दशकातीलच आहे.

याच बोळांतून मोंजा वाढला. नागायातील एखादी वृद्ध स्त्री आपल्या पुढच्या खोलीत मुलांसाठी गोळ्या-चिक्क्यांचे दुकान मांडी. जपानीत अशा दुकानाला ‘दागाशिया’ म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात एक तवा असे. शाळा सुटली, की मुले एखाद-दुसरे नाणे मुठीत घेऊन तेथे जमत. एका नाण्यात मिळेल ते काय? बरेचसे पाणी, थोडेसे पीठ, सॉसचे चार थेंब आणि असलाच तर कोबीचा चुरा. मोंजा पातळ असतो, याचे कारण पाककलेत शोधावयास नको. पीठ महाग होते आणि मुले पुष्कळ होती, एवढेच त्याचे कारण. तव्यावरची खरपुडी ओरबाडून खाण्याची रीत तरी आणखी कशातून निघणार? उरलेला कणही वाया जाऊ न देणाऱ्या बोटांनीच ती घालून दिली. आणि तरीही त्या तव्याभोवती मुले तासन्‌तास रमत, कारण तेथे पोट भरण्यापेक्षा संगत मोठी होती.

ज्याला आज ‘पारंपरिक जपानी’ पदार्थ म्हणतात, त्याच्या घटकांचा हिशेब मांडला, तर मोठे मनोरंजक दृश्य दिसते. यंत्रावर दळलेल्या बारीक पिठाला जपानी लोक ‘मेरिकेन-को’, म्हणजे अमेरिकन पीठ, म्हणत. कोबीची लागवड मेइजी काळात पाश्चात्त्य बियाण्यातून फैलावली. वूस्टर सॉस तर नावानेच इंग्रज आहे. पण महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातून परदेशातून आलेली मिरची आणि बटाटा वजा केला तर काय उरेल, याचा विचार केला, म्हणजे परंपरा कशी घडते हे ध्यानात येते. पदार्थाचे कुळ त्याच्या जिनसांवरून ठरत नाही. तो ज्या हातांनी आणि ज्या गरजेतून घडला, त्यांवरून ते ठरते.

१९४० च्या जूनमध्ये काचिदोकिच्या तरीच्या जागी मधोमध उघडणारा भव्य पूल बांधून झाला. बेटापलीकडच्या नव्या भरावावर त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते आणि हा पूल त्याचे महाद्वार होणार होता. युद्धामुळे प्रदर्शन १९३८ मध्येच रहित झाले होते. पूल तेवढा पुरा झाला. पुढे १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी सुमिदाच्या तीरावरचा प्रचंड प्रदेश जाळून काढला. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. नदीमुखावरचे त्सुकिशिमा आणि त्सुकुदा मात्र बहुतांशी बचावले. भूकंपाने जे नेले होते, ते युद्धाने दुसऱ्यांदा नेले नाही. म्हणूनच टोकियोच्या मध्यावर ही लाकडी बोळकंडी पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळाली.

युद्धानंतरची वर्षे उपासमारीची होती. तांदूळ मिळत नव्हता. परदेशी मदतीचे पीठ मात्र येऊ लागले होते. शाळांतून मुलांना पाव मिळू लागला. १९५४ मध्ये अमेरिकेने आपले अतिरिक्त धान्य परदेशी देण्याचा जो कायदा केला, त्यान्वये जपानने १९५५ मध्ये आणि भारताने १९५६ मध्ये करार केले. त्या गव्हाच्या आठवणी भारतातील शिधावाटपाच्या दुकानांपुढे रांगा लावलेल्या पिढीच्या मनात अजून असतील. त्सुकिशिमाच्या मुलांच्या वाट्याला तो काळ तव्यावरच्या पातळ पिठाच्या रूपाने आला. १९५० साली येथे उघडलेले कोंदो नावाचे दुकान आजही या रस्त्यावरील सर्वांत जुन्या मोंजागृहांत गणले जाते.

या काळाशी निगडित असलेला आणखी एक धागा नभोवाणीच्या श्रोत्यांनी अवश्य लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्सुकिशिमाच्या बोळांतून वही घेऊन हिंडलेले ताकानो इवासाबुरो १९४६ मध्ये जपानच्या नभोवाणी महामंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हते, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या जेवणाची नोंद करणारा मनुष्य अखेरीस राष्ट्राचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसला. या दोन कामांत वरवर कितीही अंतर दिसले, तरी आधी ऐकावे आणि मग बोलावे, हे एकच सूत्र त्या दोहोंतून जाते.

त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला. १९६४ मध्ये, ऑलिंपिक सामन्यांच्या वर्षी, त्सुकुदाचा पूल झाला आणि शेकडो वर्षे चाललेली तेथली तर बंद पडली. काचिदोकिचा पूल १९७० मध्ये शेवटचा उघडला. त्यानंतर जहाजांपेक्षा मोटारींची निकड मोठी ठरली. १९७९ मध्ये इशिकावाचा जहाजकारखाना बंद झाला आणि १९८० च्या दशकात त्याच्या जागेवर गगनचुंबी निवासांची वसाहत उभी राहू लागली. १९८८ मध्ये भुयारी रेल्वेचे स्थानक आले. कामगार गेले, त्यांच्याबरोबर त्यांची मुले गेली, आणि भाजीवाले, मासळीवाले, खाटीक यांचे गिऱ्हाईकही ओसरले. रिकाम्या पडलेल्या गाळ्यांतून एकामागून एक मोंजाची दुकाने निघाली. तव्याभोवती आता मुलांच्या जागी मोठी माणसे बसू लागली, पाण्याच्या जागी बिअर आली आणि वाडग्यात चीज, चिकट भात कुटून केलेले मोची आणि माशांची तिखट अंडी पडू लागली. ज्या वस्तूला कोणी एका नाण्यापलीकडे किंमत दिली नव्हती, तिच्यासाठी लोक आगगाडीने येऊ लागले. म्हणजे ‘मोंजाचा रस्ता’ म्हणून या रस्त्याची जी कीर्ती आहे, ती अवघ्या चार दशकांची आहे. आणि ज्या जीवनातून मोंजा जन्मला, ते जीवन मावळू लागल्यावरच ती आली.

यात खेद मानावा की समाधान? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक पक्ष म्हणेल, की गरिबीचा पदार्थ हौसेचा झाला, त्याची किंमत वाढली आणि त्याचा अर्थ हरवला. दुसरा पक्ष विचारील, की हा पदार्थ नसता, तर त्या बोळांकडे आज कोण फिरकले असते? प्रश्न केवळ पुस्तकी नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या नागाया पाडून उंच मनोरे बांधण्याचे काम या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. २०१५ मध्ये स्थानकाजवळ ५३ मजल्यांची एक इमारत पुरी झाली आणि तिच्यामागून आणखी मनोरे उठले. नव्या मनोऱ्यांच्या तळमजल्यावर मोंजाची दुकाने थाटता येतील, आणि तशी ती थाटलीही जातात. पण कुंड्यांतून झेंडू-जास्वंदी फुलविणारी बोळकंडी, दारात स्टूल टाकून बसलेली म्हातारी आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारी शेजाऱ्याची खोकल्याची उबळ यांना त्रेपन्न मजल्यांत जागा नाही. लाकडी घरे भूकंपात आणि आगीत किती घातक ठरतात, हे १९२३ ने दाखविले आहे. तेव्हा सुरक्षित घर मागणाऱ्या रहिवाशाला केवळ पाहुण्यांच्या हौसेखातर मोडक्या नागायात राहावयास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि तरीही जे जाते, ते परत येत नाही, हेही तितकेच खरे.

ताकानो यांच्या पाहणीने भूकंपापूर्वीची वस्ती कागदावर जपली. भूकंपानंतरच्या वस्तीचा असा समग्र अहवाल तव्याइतका दुसऱ्या कोणी जपलेला नाही. म्हणून निशिनाका-दोरीवरच्या दुकानात प्रथमच आलेल्या पाहुण्याने घास तोंडात घालण्यापूर्वी आपल्या पुढच्या तव्याकडे क्षणभर पाहावे. आधी काठ रचावयाचा, मग आत पातळ लगदा ओतावयाचा, तो घट्ट होण्याची वाट पाहावयाची आणि शेवटी सारे समपातळीत पसरावयाचे. हे बेटही १८९२ मध्ये असेच झाले होते: आधी बंधारा, मग नदीतला गाळ. त्या गाळावर ज्यांनी घरे बांधली, लोखंड ठोकले आणि मुले वाढविली, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर कोरलेली नाहीत. त्यांच्या मुलांनी एका नाण्यात विकत घेतलेली चव मात्र अजून त्या रस्त्यावर, खरपुडीच्या रूपाने का होईना, तव्याला चिकटून आहे.